सात दिवसांचं चाटण

एका जंगलात एक दवाखाना होता. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. नाव सांगितलं की कुणाला तरी तो आपलाच दवाखाना वाटतो आणि तो माणूस आमच्याशी बोलणं टाकतो. आमचे दोन मेहुणे असेच गेले.

तर मुलांनो, सरकून बसा. ज्या मुलांचे गुडघे दुखतात त्यांनी पाय लांब केले तरी चालतील. ज्यांना बीपीची गोळी घ्यायची असेल त्यांनी आत्ताच घ्या. मध्ये उठायचं नाही.

दवाखाना उंबराच्या झाडाखाली होता. राजवैद्य होते अस्वल. त्यांना सगळे आबासाहेब म्हणत. त्यांच्या हाताखाली चार वैद्य पाळीपाळीनं काम करत: सांबर, मुंगूस, वानर आणि घुबड. आणि एक सिस्टर होती, टिटवी. टिटवीचा आवाज कर्कश. तो ऐकला की काहीतरी वाईट घडतं, असं जंगलात मानत. खरं म्हणजे वाईट घडत असलं की ती ओरडायची. पण एवढा फरक कोण बघतो?

त्या दवाखान्यात एक नामी औषध होतं. डोंगरापलीकडच्या एका झुडपाच्या बोंडाचा चीक काढायचा आणि मधात कालवायचा. झालं निवांत चाटण. एक बोट चाटलं की दुखणं इतकं लांब जायचं, की शेजारच्या जंगलात कुणाला तरी दुखत असावं असं वाटायचं. बोट म्हणजे अस्वलाचं बोट हं. तुमचं करंगळीएवढं नव्हे.

औषध चांगलं होतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण थोड्या वेळानं सगळे त्याला शिव्या देणार आहेत. ज्याचं हाड मोडलंय, ज्याच्या पोटात गाठ आहे, त्याला विचारा त्याची किंमत.

दवाखान्याची एक रीतही होती. रोग्याला काय द्यायचं ते वैद्य पळसाच्या पानावर लिहायचे. पहिल्या दिवशी पहिला वैद्य सगळं नीट लिहायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा वैद्य यायचा, कालचं पान बघायचा आणि नव्या पानावर लिहायचा, 'मागचंच पुढे.' तिसऱ्या दिवशी तिसरा वैद्य यायचा. त्याच्या हातात दुसऱ्याचं पान. तोही लिहायचा, 'मागचंच पुढे.'

यात आळस नव्हता, मुलांनो. यात आदर होता. वरच्यानं लिहिलेलं आपण कोण बदलणार?

आता गोष्टीतल्या मुख्य रोग्याकडे येऊ. त्याचं नाव खंडेराव. जातीनं गवा. चाळीस गव्यांच्या कळपाचा म्होरक्या. खांदा असा, की त्यावर बगळे पंगत मांडून बसतील. आदल्या उन्हाळ्यात वादळात ऐनाचं झाड पडलं ते त्याच्या मागच्या पायावर. आबासाहेबांनी पाय बांधला. पानावर लिहिलं, 'निवांत चाटण, रोज एक बोट.'

पंधरा दिवसांत पाय बरा झाला. चाटण चालू राहिलं.

मागचंच पुढे.

महिन्याभरानं एका बोटानं भागेना. वानरवैद्यानं लिहिलं, 'मागचंच पुढे, जरा वाढवून.' पावसाळा संपताना घुबडवैद्यानंही तेच लिहिलं. शब्दन् शब्द तेच. 'जरा वाढवून'सुद्धा. थंडीपर्यंत खंडेराव रोज तीन बोटं चाटत होता.

खंडेराव रोज सकाळी दवाखान्यात यायचा. वैद्य विचारायचे, "काय खंडेराव, बरंय ना?" तो म्हणायचा, "बरंय." कळपाचा म्होरक्या दुसरं काय म्हणणार? मग चाटून जायचा.

पहिल्यांदा शंका कुणाला आली असेल? शेणकिड्यांना.

शेणकिड्यांचा मुकादम एक दिवस टिटवीकडे आला. टिटवी जमिनीवर राहते, त्यामुळे तिचा नि त्यांचा शेजार.

"सिस्टर, एक विचारू का? राग मानू नका. खंडेरावांचं काय बिनसलंय?"

"का रे?"

"पूर्वी रोज शेणाचे पाच पोव पडायचे. आता चार-चार दिवस काही नाही. आणि पडतं ते असं कडक, की आमच्या दोन गड्यांच्या कमरा धरल्या. लोटायचं काय, ढकलता ढकलत नाही."

टिटवीनं मान तिरकी केली. चाटणानं पोट बांधतं, हे तिला माहीत होतं. पण गव्याचा पाय तर कधीच बरा झाला होता. मग चाटण अजून का चालू आहे?

तिनं घुबडवैद्याला विचारलं. तो म्हणाला, "सिस्टर, पानावर लिहिलंय ते द्यायचं. शेणकिड्यांच्या सांगण्यावरून वैद्यकी चालत नाही."

एवढ्यात राजवाड्यातून हुकूम आला. वाघ महाराजांच्या कानावर गेलं होतं, की शेजारच्या जंगलात निवांत चाटणापायी निम्मी हरणं निवांत पडून असतात. महाराज घाबरले. हरणं निवांत पडलेली असली तर वाघाला खरं म्हणजे बरं. पण महाराज जुन्या वळणाचे. पळाल्याशिवाय जेवण त्यांना गोड लागत नसे. त्यांनी फर्मान काढलं: सगळ्या वैद्यांना चाटणाच्या गैरवापराबद्दल प्रशिक्षण द्या.

प्रशिक्षण म्हटलं की करकोचा. हा पाहुणा तज्ज्ञ दर थंडीला उत्तरेकडून यायचा. वाटेत अकरा जंगलं लागायची. अकराही जंगलांत तो शिकवायचा. आदल्या वर्षी त्यानं सर्पदंशावर शिकवलं होतं. यंदा चाटण. सामान त्यानं फारसं बदललं नव्हतं. 'साप' खोडून 'चाटण' लिहिलं होतं, एवढंच. त्यामुळे दुसऱ्या पानावर असं वाक्य आलं: 'चाटण समोर दिसल्यास घाबरू नये. हालचाल न करता त्याच्या डोक्याचा आकार पाहावा.'

वैद्यांनी ते उतरवून घेतलं. मुंगूसवैद्याला तर ते फारच आवडलं.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणा हवा. जंगलातला प्रतिष्ठित, भारदस्त, निर्व्यसनी. आबासाहेब क्षणभरही न थांबता म्हणाले, "खंडेराव!"

हसू नका, मुलांनो. तुमच्या गावात काय वेगळं होतं?

खंडेराव आला. येण्याआधी दवाखान्याच्या मागे जाऊन त्यानं दोन बोटं चाटली, कारण भाषण लांबलं तर सकाळची तीन पुरायची नाहीत. मग दिवा लावला. गळ्यात मोहाच्या फुलांची माळ घातली. आबासाहेबांनी लिहून दिलेलं भाषण तो वाचू लागला.

"व्यसन ही दुर्बळांची वाट आहे," तो वाचत होता. "ज्याला लाज असते तो चाटणाच्या नादी लागत नाही."

वाचता वाचता त्याला घाम फुटला. श्रोत्यांना वाटलं, काय तळमळ आहे! टाळ्या पडल्या.

मग करकोच्यानं एक मोठं चित्र टांगलं. वर लिहिलं होतं, 'चाटणबाज कसा ओळखावा?' खाली लक्षणं. डोळे लाल. अंग अस्ताव्यस्त. मागून बसका, चालताना फरफटतो. लोकांत मिसळत नाही. कारण नसताना हसतो.

सगळ्या माना एकदम मागे वळल्या.

मागे म्हादू बसला होता. म्हादू म्हणजे तरस. बोलावलेलं नव्हतं, पण जेवण आहे असं ऐकून आला होता. त्याचे डोळे जन्मतःच लाल. केस जन्मतःच उभे. मागून बसका, कारण देवानं तरस तसाच केला. आणि सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर बिचारा हसला.

"बघितलंत?" करकोचा म्हणाला. "लक्षण क्रमांक पाच."

खंडेराव पहिल्या रांगेत बसून ते चित्र बघत होता. वरपासून खालपर्यंत त्यानं तीनदा बघितलं. त्यातला एकही शब्द त्याला लागू नव्हता. त्याला आधी हायसं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, की आता आपल्याला कुणाला काही सांगताच येणार नाही. चोराच्या यादीत ज्याचं नाव नाही, त्यानं उठून 'मी' कसं म्हणायचं? आणि बायकोला काय सांगायचं? चाळीस जणांचा कळप आपल्या शेपटीकडे बघून चालतो, त्यांना काय सांगायचं?

त्यानं गळ्यातली माळ सरळ केली आणि कान टवकारले. प्रशिक्षणात इतकं एकाग्र चित्तानं ऐकणारा पाहुणा करकोच्यानं पाहिला नव्हता. तसं त्यानं बोलूनही दाखवलं.

दुपारच्या जेवणात मोहाची फुलं होती. ती आंबलेली निघाली. व्यसनमुक्तीवरचं दुपारचं सत्र त्यामुळे अत्यंत शांततेत पार पडलं. सांबरवैद्य तर उभ्या उभ्या घोरत होता.

शेवटचं सत्र उपचाराचं होतं. म्हणजे चाटणाच्या आहारी गेलेल्याला बाहेर कसं काढायचं ते. पण त्याआधी सगळ्यांचा एकत्र फोटो होता. फोटोत मुंगूसवैद्य दिसेना, म्हणून त्याला वानराच्या खांद्यावर बसवलं. मग वानराचं तोंड झाकलं गेलं. यात ऊन उतरलं. करकोच्याला पुढच्या जंगलात पोचायचं होतं.

"उपचाराचं पान सगळ्यांना दिलेलं आहे," तो पंख पसरत म्हणाला. "घरी वाचा. सोपं आहे."

शेवटी परीक्षा झाली. पहिला प्रश्न: चाटण चांगलं की वाईट? सकाळी हाच प्रश्न विचारला तेव्हा चार जणांची चार उत्तरं होती. आता सगळ्यांनी लिहिलं, 'वाईट.' दहापैकी दहा. प्रमाणपत्रं वाटली. करकोचा उडाला.

टिटवी या सगळ्यात कुठे होती? दवाखान्यात. सगळे वैद्य शिकायला गेले, तर रोग्यांजवळ कुणीतरी हवं ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी चाटणाच्या मडक्यावर दगड ठेवला गेला. कुणालाही, कधीही, थेंबभरही नाही. वैद्यांच्या सांगण्यावरून राजवाड्यानं तसा हुकूमही काढला. वैद्यांना भारी वाटत होतं. काल शिकलो आणि आज करून दाखवलं!

पहिला आला म्हादू तरस. गाल भोपळ्यासारखा सुजलेला. आदल्या रात्री हाड फोडताना हाडाची किरच दाढेत घुसली होती. बोलताही येत नव्हतं.

"बो... बोटभर... द्या..."

मुंगूसवैद्यानं त्याला वरून खाली पाहिलं. "डोळे लाल. अंग अस्ताव्यस्त. आणि स्वतःच मागतोय! कालच शिकलो आम्ही. चल निघ."

"दाढ..."

"सगळे तेच सांगतात."

म्हादूचं तोंड उघडून बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही. चित्रात तोंड मिटलेलं होतं.

मग खंडेराव आला. त्याच्यासमोर मुंगूस उठून उभा राहिला. "या, या! काल काय बोललात! आता तुम्हालाच सांगायचं म्हणजे... चाटण बंद झालं. पण तुम्हाला काय त्याचं!"

"हो," खंडेराव म्हणाला. "मला काय त्याचं."

आणि परत गेला.

संध्याकाळी त्याला जांभया सुरू झाल्या. मग नाक गळू लागलं. अंगावर काटा उभा राहिला. उन्हात थंडी, सावलीत घाम. पाय आपोआप झाडू लागले. आणि इतके दिवस बांधलेलं पोट एकदम सुटलं. शेणकिड्यांचा मुकादम धावत आला, बघितलं, आणि गड्यांना म्हणाला, "पोरांनो, उंचावर चला."

तिसऱ्या दिवशी खंडेराव उठेना.

हे सगळं नेमकं नको त्या वेळी आलं. खालच्या नदीचा डोह आटत चालला होता. दरवर्षी याच सुमारास कळप वरच्या पठारावर जायचा. वाट अवघड, सहा टप्प्यांची. ती एकट्या खंडेरावला ठाऊक. कळप गेला नाही तर तहानेनं मरणार. आणि खंडेरावला टाकून गेला तर वाट चुकणार, आणि मागे खंडेरावला रानकुत्रे फाडणार. रानकुत्रे समोरच्या टेकडीवर येऊन बसलेही होते. घाई नव्हती त्यांना.

खंडेरावची बायको सगुणा दवाखान्यात आली. तिच्या मागोमाग आबासाहेब स्वतः निघाले. मान्यवर म्हटल्यावर राजवैद्यांनी जायला हवं.

आबासाहेबांनी खंडेरावची नाडी धरली, जीभ पाहिली.

"ऊन लागलंय," ते म्हणाले.

"आबासाहेब, उन्हाळा अजून सुरू व्हायचाय," टिटवी म्हणाली. तीही उडत मागे आली होती.

"मग सर्दी."

"सर्दीनं पाय झाडतात?"

"सिस्टर, तुम्ही गप्प बसा. तुम्ही प्रशिक्षण घेतलेलं नाही." आबासाहेबांनी पळसाचं पान काढलं आणि सवयीनं लिहिलं, 'मागचंच पुढे.' लिहिलं आणि त्यांचा पंजा थांबला. मागचं म्हणजे चाटण. चाटण तर बंद. पुढे काय?

त्यांनी पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

टिटवी तुरुतुरु चालत खंडेरावच्या तोंडापाशी गेली. एवढंसं ते पाखरू, आणि समोर डोंगर पडलेला.

"खंडेराव, पाय दुखतो का हो?"

खंडेरावनं डोळे उघडले. वर्षभरात हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. 'बरंय ना' विचारलं होतं. रोज विचारलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "पाय पावसाळ्याच्या आधीच बरा झाला."

"मग चाटण?"

त्यानं मान वळवून पाहिलं. सगुणा जवळच उभी. मागे कळप.

"ते नसलं की सगळंच दुखतं," तो म्हणाला. "शिंगंसुद्धा. मी सोडून बघितलं, दोनदा. सगुणा, तू माहेरी गेली होतीस तेव्हा. जमलं नाही. त्या चित्रात मी नाही, सिस्टर, पण तो मीच आहे."

आता कळप काय म्हणणार, इकडे त्याचे कान लागलेले.

सगुणा म्हणाली, "अहो, मग सांगायचंत ना! मी मेली रोज तुमच्या पोटासाठी बहाव्याच्या शेंगा शोधत हिंडतेय!"

एवढंच म्हणाली. आणि त्याच्या पाठीला पाठ लावून बसली.

टिटवी आबासाहेबांकडे वळली. "तुमच्या दप्तरातली याची जुनी पानं काढा."

"सगळी?"

"तळाचं काढा."

वानरवैद्यानं दवाखान्यातून आणलेली पानांची चळत कमरेएवढी होती. आबासाहेब एकेक उचलत गेले. मागचंच पुढे. मागचंच पुढे. मागचंच पुढे, जरा वाढवून. तळाशी एक वाळकं पान निघालं. अक्षर त्यांचंच. 'निवांत चाटण, रोज एक बोट.' आणि खाली, पानाच्या घडीत गेलेल्या ओळीत, 'सात दिवस. मग पाय पाहून बंद करणे.'

अस्वलानं पंजानं घडी सरळ केली आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"मी लिहिलं होतं की," ते हळूच म्हणाले.

"लिहिलं होतंत. बघितलं कुणी नाही. तुम्हीसुद्धा."

"आता काय करायचं, सिस्टर? दिलं तर हुकूम मोडतो. नाही दिलं तर हा मोडतो. प्रशिक्षणात एवढंच सांगितलं, की वाईट आहे."

टिटवीनं पंखाखालून एक पान काढलं. मोहाच्या रसाचे डाग पडलेलं, कडेला कुणीतरी चावलेलं. हे करकोच्यानं वाटलेलं उपचाराचं पान. सगळ्या वैद्यांनी त्याच्या पत्रावळी केल्या होत्या. जेवणानंतर आवार झाडताना टिटवीला ते सापडलं आणि तिनं वाचलं. करकोच्याबद्दल मी बरंच वाकडं बोललो, पण हे एक पान त्याच्याकडे सापाचं नव्हतं. कुणा शहाण्यानं लिहिलेलं होतं.

तिनं वाचून दाखवलं. 'एकदम तोडू नये. पायरीपायरीनं उतरवावं. मध्ये खंड पडला असेल तर पूर्वीइतकं एकदम देऊ नये, श्वास थांबेल. थोडं द्यावं, जवळ बसावं, श्वास मोजावा. चोर समजू नये. हा आजार आहे.'

"एवढंच?" आबासाहेब म्हणाले.

"सोपं आहे म्हणालाच होता तो."

आबासाहेबांनी दवाखान्यात जाऊन स्वतःच्या हातानं मडक्यावरचा दगड काढला आणि मडकं घेऊन आले. एक बोट चाटण दिलं. टिटवी खंडेरावच्या नाकपुडीशी उभी राहिली, वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून एका पायानं गवत धरून, आणि श्वास मोजत राहिली. दुपारी आणखी अर्धं बोट. दिवस कलताना खंडेरावचे पाय झाडायचे थांबले. तो उठून बसला. समोरच्या टेकडीवरचा एक रानकुत्रा चडफडत उठला आणि दुसऱ्या टेकडीवर जाऊन बसला.

"आता दीड बोटावरून खाली," टिटवी म्हणाली. "दर आठ दिवसांनी पाव बोट कमी."

"पण कळप?" सगुणा म्हणाली. "दीड महिना डोह टिकायचा नाही."

"पठाराला टप्पे किती?"

"सहा."

"प्रत्येक टप्प्यावर झरा आहे ना? मग आठ दिवस एका टप्प्यावर. मडकं सगुणाबाईंकडे. मी बरोबर येते."

आबासाहेब म्हणाले, "आणि इथे दवाखाना कोण बघणार?"

"चार वैद्य आहेत की. सगळे प्रमाणपत्रवाले."

निघण्याआधी तिनं आणखी एक काम केलं. म्हादूला बोलावून आबासाहेबांपुढे बसवलं आणि म्हणाली, "तोंड उघड." आबासाहेबांनी डोकावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. दाढेतली किरच काढली. टिटवीनं तीन दिवसांचं चाटण पानात बांधून दिलं. मुंगूसवैद्य म्हणाला, "लिहून देतो, हा पळून जाणार." चौथ्या दिवशी म्हादू परत आला. पानात अर्धं बोट शिल्लक होतं.

"दुखायचं थांबलं," तो म्हणाला. "हे कुठे ठेवू?"

मुंगूसवैद्यानं चित्र पुन्हा एकदा नीट वाचलं. परत करणाऱ्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

कळप निघाला. पहिल्या टप्प्यावर खंडेराव चिडचिडा झाला. "माझ्या मडक्यावर पहारा ठेवता? मी म्होरक्या आहे!" सगुणा म्हणाली, "म्होरके, चला, झोपा." दुसऱ्या टप्प्यावर त्यानं सांगितलं, की सकाळचं चाटण कुणीतरी त्याला द्यायचंच विसरलं. टिटवीनं इतका कर्कश आवाज काढला, की तो म्हणाला, "आठवलं, आठवलं. दिलं होतं." तिसऱ्यावर तो रडला. रात्रभर झोप नाही, म्हणाला. कळपातला एक म्हातारा गवा येऊन म्हणाला, "मलाही नाही. माझी झोप उडून तर दहा वर्षं झाली." मग दोघं पहाटेपर्यंत बोलत बसले. चौथ्यावर एक चूक झाली. कुणी बघत नसताना खंडेरावनं मडक्यात तोंड घातलं. मग स्वतःच येऊन सांगितलं. टिटवीनं शिव्या दिल्या, श्वास मोजला, आणि त्या टप्प्यावर कळप चार दिवस जास्त थांबला.

पाचव्यावर खंडेरावनं सकाळी सकाळी असा काही पोव टाकला, की मुकादमानं गड्यांना सुट्टी दिली. शेणकिडेही मागोमाग आले होते. त्यांचा रोजगारच तो.

सहाव्या टप्प्यानंतर शेवटचा चढ होता. मडकं रिकामं. खंडेराव पुढे, मागे चाळीस गवे, आणि खंडेरावच्या पाठीवर टिटवी. पठारावर हिरवं गवत, भरलेलं तळं. कळप पाण्यात घुसला.

खंडेराव काठावरच थांबला. मागचा पाय उचलून धरला.

"काय झालं?" टिटवीनं घाबरून विचारलं.

"दुखतोय," खंडेराव म्हणाला.

"कुठे?"

"गुडघ्यात. चढून." त्यानं पाय टेकवला, पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला. "सिस्टर, नुसता पायच दुखतोय हो! बाकी काही नाही!"

आणि लंगडत लंगडत पाण्यात गेला.

टिटवी परत आली तेव्हा राजवाड्याचा कागद तिची वाट बघत होता. महाराजांच्या कारभाऱ्यांनी खुलासा मागवला होता. एक, आपण प्रशिक्षणास गैरहजर का राहिलात? दोन, बंदी असताना चाटण दिलेत, ते का? तीन, सदर रोगी बरा झाल्याचं समजतं. प्रशिक्षण न घेतलेल्या व्यक्तीकडून तो कोणत्या पद्धतीनं बरा झाला, ते सविस्तर लिहावे.

टिटवीनं पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर दिलं नाही. तिसऱ्यापुढे लिहिलं, 'विचारलं. त्यानं सांगितलं. मग जवळ बसले.'

आबासाहेबांनी खाली लिहिलं, 'हुकूम मी मोडला. चूकही माझीच.' आणि सही केली.

कारभाऱ्यांनी दोन्ही वाचलं. आबासाहेबांच्या ओळीवर शेरा मारला, 'राजवैद्य विनयशील आहेत.' टिटवीच्या ओळीवर मारला, 'अशी कोणतीही पद्धत मान्यताप्राप्त यादीत आढळत नाही. सबब रोगी बरा झालेला नाही.'

पठारावर खंडेराव ते न कळल्यामुळे मजेत चरत होता.

तात्पर्य: मुलांनो, रोग्याला 'कुठे दुखतं' असं कधीही विचारू नये. विचारलं की तो सांगतो. सांगितलं की ऐकावं लागतं. आणि ऐकत बसलं की गटाच्या फोटोत आपण येत नाही.